संकासुर टिपायला कुठला कॅमेरा?

तुळशीची लग्नं जवळ आली की आमच्या सिंधुदुर्गात जत्रांचे वेध लागतात आणि मला ठरलेला प्रश्न येतो: दशावतार, म्हणजे आमचं रात्रभर चालणारं लोकनाट्य, शूट करायला डीएसएलआर कुठला घेऊ? यंदा तो भाच्याने विचारला. सावंतवाडीला कॉलेजात आहे, रात्र रात्र नाटकं बघतो, आणि आता ती नीट रेकॉर्ड करून ठेवायची आहेत. सत्तर हजार साठवलेत पठ्ठ्याने. त्यात त्याने दोन कॅमेरे हेरले होते. एक, दुकानात राहिलेला शेवटचा कोरा कॅनन २००डी मार्क टू, सोबतच्या १८-५५ लेन्ससकट. दुसरा, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडचा वापरलेला ५डी मार्क थ्री, नुसती बॉडी.

त्याचा प्रश्न असा: "मामा, २००डीत फोर-के आसा, ५डीत नाय. मगे तेची किंमत जास्त कित्याक?"

(फोर-के म्हणजे साध्या एचडीपेक्षा जास्त बारकाईचा व्हिडिओ.) फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण त्याच्यासारखी बरीच पोरं हल्ली या वाटेला लागली आहेत आणि मला त्याचा फार आनंद आहे.

आधी आपण कशाचं शूटिंग करतोय ते बघू. देवळाचा सभामंडप किंवा समोरचा मांड (नाटकाची मोकळी जागा), त्यावर एक लाकडी बाकडं, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. उजेड म्हणजे ट्यूबलाईट, दोन-चार एलईडी फ्लड, कधी त्यावर रंगीत कागद. पालखी फिरून आली की मध्यरात्री नाटक उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. पूर्वरंगात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, संकासुर हा राक्षस येतो तो पायापासून डोक्यापर्यंत काळा. आख्यानात, म्हणजे मुख्य कथेत, राजा येतो तो मुकुट, बाहुभूषणं आणि जरीने झगमगणारा. काळ्यात तपशील राहायला हवा आणि मुकुट पांढराफटक पडता कामा नये. दुपारच्या उन्हात लग्नाची वरात टिपणाऱ्या कॅमेऱ्याची ही परीक्षा होतच नाही. त्यामुळे दुकानदार दाखवतो ते डेमो बघून काहीच कळत नाही.

आता पैशाचा हिशेब. महागड्या ५डीचं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे त्याचा फुलफ्रेम, म्हणजे मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), ३६ बाय २४ मिलिमीटर. २००डीचा सेन्सर सुमारे २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ काढलं तर मोठा सेन्सर लहानाच्या २.६ पट भरतो. म्हणजे एक्स्पोजर सारखं ठेवलं तर तेवढा जास्त प्रकाश गोळा होतो आणि अंधारातले दाणे तेवढे कमी दिसतात. हा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण सोबत येणारी १८-५५ लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). त्याच जागी ५० मिलिमीटर एफ १.८ लावली, जी दहा हजारांच्या आसपास मिळते, की आत येणारा प्रकाश जवळजवळ दहापट होतो. जिथे आयएसओ (प्रकाश वाढवून दाखवायचा आकडा, जास्त ठेवला की दाणे वाढतात) ६४०० लागत होता तिथे साडेसहाशे-आठशेत काम भागतं. म्हणजे बॉडी बदलली तर अडीचपट, लेन्स बदलली तर दहापट. पहिला पैसा कुठे टाकायचा याचं उत्तर यातच आलं.

दोन्ही बॉडींना एफ १.८ लावली तर ५डीच पुढे राहील, हे खरं. पण मग फोकसचा प्रश्न येतो. लहान सेन्सरवर ५० मिमी लावून मांडापासून दहा मीटरवर उभा राहिलास तर चौकटीत साधारण साडेचार मीटर रुंदी येते आणि मुकुटासकट उभा माणूस आरामात मावतो. एफ १.८ ला सुद्धा पुढेमागे मिळून पावणेतीन मीटरचा पट्टा स्पष्ट राहतो. तीच चौकट फुलफ्रेमवर हवी तर ८५ मिमी लावावी लागते आणि पट्टा दीड मीटरवर येतो. दशावतारातली पात्रं एका जागी थांबत नाहीत. युद्ध लागलं की राक्षस एका दमात बाकड्यामागून थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतो. ५डी मार्क थ्रीमध्ये व्हिडिओ चालू असताना पात्रामागे आपोआप जाणारा फोकस नाही, सगळं हाताने. दोन माणसांचं युनिट असेल तर चालतं. रात्री तीन वाजता एकटा पोरगा लेन्सची रिंग फिरवत बसला तर निम्मी लढाई धूसर जाणार.

२००डीत कॅननचा ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आहे आणि तो या कामाला अप्रतिम आहे. स्क्रीनवर राजावर बोट ठेवलं की फोकस अलगद राजावर सरकतो. पण खोक्यावर ठळक छापलेल्या फोर-केमध्ये हा फोकस चालत नाही! शिवाय फोर-के लावलं की सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो, चौकट आणखी आवळते आणि ५० मिमीची लेन्स सव्वाशेच्या पुढची असल्यासारखी वागायला लागते. मांडावरचा दुसरा नट बाहेर. म्हणून भाच्याला म्हटलं, फोर-के आहे की नाही ते विसर, साधं १०८० (फुल एचडी), सेकंदाला २५ फ्रेम्सवर शूट कर.

२५ का, तेही सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाईट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. २५ फ्रेम्स आणि शटर सेकंदाच्या १/५० ला ठेवलं की ते गणित जुळतं. ३० फ्रेम्स आणि १/६० ठेवलं की पडद्यावर उजेडाच्या लाटा सरकताना दिसतात. कॅमेरा परदेशातून कुणी आणलेला असेल तर मेनूत एनटीएससी (३० फ्रेम्सची पद्धत) बदलून पाल (२५ फ्रेम्सची) करून घ्यायचं. स्वस्त एलईडी मात्र आपल्याच लहरीने लुकलुकतात, तिथे शटर थोडं पुढेमागे करून बघण्याला इलाज नाही.

आता आवाज. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे जायला हवं, आणि याच गोष्टीचा विचार कॅमेरा घेताना कुणी करत नाही. दशावतारात नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि पुढचा संवाद तिथल्या तिथे उभा राहतो. एखाद्या म्हाताऱ्या नटाने त्या रात्री नारदाच्या तोंडून जे बोलून दाखवलं ते पुन्हा तसंच कधीच येणार नाही. चित्र थोडं दाणेदार आलं तर पन्नास वर्षांनी बघणारा समजून घेईल. शब्द कळले नाहीत तर त्या रेकॉर्डिंगमध्ये उरलं काय?

म्हणून बॉडी बघताना आधी तिच्या डाव्या बाजूचं रबरी झाकण उघडून बघा. कॅननच्या स्वस्तातल्या १५००डीला बाहेरचा माईक लावायची सोयच नाही, तेव्हा व्हिडिओसाठी तो बादच. निकॉन डी३५००चंही तसंच. २००डीला माईकचं भोक आहे, पण हेडफोनचं नाही. म्हणजे आवाज येतोय की नुसती खरखर, हे घरी गेल्यावर कळणार. कॅननच्याच ८०डीला आणि ५डी मार्क थ्रीला दोन्ही आहेत. महागड्या बॉडीसाठी पैसे मोजावेत असं मला मनापासून वाटतं ते या छोट्या भोकासाठी.

तरीही मुख्य आवाज मी कॅमेऱ्यात घेत नाही. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर छोट्या रेकॉर्डरला द्यायची. झूम एच१एन दोन ट्रिपल ए सेलवर रात्रभर चालतो. सेल मात्र नवे घाला. मिक्सरची वायर थेट कॅमेऱ्याच्या माईकच्या भोकात खुपसायची नाही. तिथून येणारा सिग्नल माईकपेक्षा कितीतरी जोरकस असतो आणि आवाज फाटतो. रेकॉर्डरलाही लेव्हल खाली आणूनच घ्यायचं, कारण पहिल्या संवादात कुजबुजणारा नट युद्धाच्या वेळी मांड दणाणून सोडतो. कॅमेऱ्यावर साधा माईक राहू द्या, मृदंगाच्या थापेवर दोन्ही आवाज जुळवायला तो उपयोगी पडतो. साउंडवाल्या काकांना नाटकाआधी भेटून, चहा घेऊन, नीट विचारायचं. ऐन नाटकात त्यांच्या मिक्सरला हात लावायला जाऊ नये.

रेकॉर्डर वेगळा असण्याचं आणखी एक कारण आहे. हे बहुतेक डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांना रेकॉर्डिंग थांबवतात. अर्ध्या तासापेक्षा जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र युरोपच्या जकातीत व्हिडिओ कॅमेरा म्हणून धरलं जायचं, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली. २००डी स्वस्त म्हणून थांबतो आणि ५डी महाग म्हणून चालत राहतो असं नाही, दोघंही थांबतात. पेटीवर पद सुरू झालं की मी स्वतःच थांबवून पुन्हा सुरू करतो. त्या दोन सेकंदांत गेलेला शब्द रेकॉर्डरकडे असतो.

बॅटरीत मात्र मोठ्या बॉडीचा फरक जाणवतो. २००डीची १०४० एमएएचची, ८०डी-५डीची अठराशेच्या घरातली. जवळ प्लग असेल तर डमी बॅटरी लावून विजेवर चालवा. मार्गशीर्षात पहाटे दव पडतं तेव्हा ५डीची घट्ट सील केलेली बॉडी बरी वाटते, पण एक छत्री तेच काम करते.

मग भाच्याने घ्यायचं काय? मी त्याला दोन्ही सोडायला सांगितले. वापरलेला ८०डी बघ म्हटलं. २०१६ चा कॅमेरा, ड्युअल पिक्सेल फोकस, फिरणारा टचस्क्रीन, माईक आणि हेडफोन दोन्ही, मोठी बॅटरी. उरलेल्या पैशात ५० एफ १.८, रेकॉर्डर, आणि फ्लुइड हेडचा, म्हणजे कॅमेरा अलगद फिरवू देणारा, ट्रायपॉड. ट्रायपॉडवर कंजूषी नको. हलक्या ट्रायपॉडवर पात्रामागे कॅमेरा फिरवताना प्रत्येक झटका दिसतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या धर्तीचा कॅमेरा, का नाही, असंही त्याने विचारलं. कॅनन-निकॉननी नवे डीएसएलआर काढणं जवळपास थांबवलंय, हे खरं. पण त्यामुळेच हे जुने कॅमेरे हातात येण्याइतके स्वस्त झालेत, आणि आज घेतलेली ईएफ (कॅननच्या डीएसएलआरची) लेन्स उद्या अ‍ॅडॉप्टर लावून कॅननच्या मिररलेसवरही चालते.

वापरलेला घेताना विकणारा शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उघडलं तो आकडा, दाखवेल. फोटोसाठी तो आकडा महत्त्वाचा, व्हिडिओसाठी फसवा. व्हिडिओत शटर एकदा उघडून तसंच राहतं, त्यामुळे शेकडो तास तापलेल्या कॅमेऱ्याचाही काउंट कमी दिसू शकतो. त्यापेक्षा स्वतःचं कार्ड आणि हेडफोन घेऊन जा. माईकची पिन लावून हलवून बघ, खरखरली तर सॉकेट ढिला आहे. स्क्रीन पूर्ण फिरवून बघ, चित्र मधेच जातंय का. लेन्सवर टोपी लावून आयएसओ ३२०० ला पाच मिनिटं रेकॉर्ड कर आणि काळ्या पडद्यावर एका जागी चमकणारे ठिपके शोध. संकासुराच्या अंगावर ते हमखास दिसतात. शेवटी कॅमेरा टेबलावर ठेवून सलग पूर्ण अर्धा तास चालू दे. विकणारा एवढं थांबायला तयार नसेल तर कुडाळला परत ये, दुसरा बघू.