रेंज वाटून घेणं हे पण ट्रेनिंगच

आज नगरच्या कॅन्टीनबाहेर आमच्या जुन्या युनिटचा एक हवालदार भेटला, आता ट्रेनिंगचं काम बघतो. म्हणाला, साहेब, पोरं तयार आहेत पण गोळीबाराच्या सरावाला रेंजची तारीख मिळायला लय ओढाताण होते. खरंय ते. नगरजवळची लष्कराची के के रेंज केवढी मोठी, पण रणगाडेवाले तिथेच, मेकनाइज्डवाले, म्हणजे चिलखती गाड्यांतलं पायदळ, तिथेच, शिवाय लष्करी गोळीबार सरावाच्या १९३८ च्या कायद्याप्रमाणे आधी नोटिफिकेशन निघतं, राहुरी पारनेर नगरच्या गावांना कळवावं लागतं, मगच गोळा सुटतो.

मी त्याला एकच सांगितलं, शेजारच्या युनिटशी आधी बोल. सकाळी त्यांची कंपनी फायरिंग पॉइंटवर असेल तेव्हा तुझी पोरं मागे वेपन हँडलिंग करतील, अंतराचा अंदाज घ्यायला शिकतील, दुपारी अदलाबदल. बट पार्टी (बटवर, म्हणजे निशाण्यांच्या जागी, काम करणारी पोरं) आणि अँब्युलन्सचं दोघांनी मिळून ठरवायचं. फक्त खाली खोके, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांची रिकामी काडतुसं, ज्याचे त्याने मोजून जमा करायचे, तिथे भागीदारी नाही! आणि लाल झेंडा वर असेपर्यंत बटकडे कोणी फिरकायचं नाही, मग तो कितीही सिनियर असो.

नवीन पोराला झिरोइंगला, म्हणजे रायफलचा नेम जुळवून घ्यायला, घाई केली की तो वर्षभर रायफललाच दोष देत बसतो, म्हणून तो वेळ कापू नका रे.

आणि रेंजजवळच्या गावकऱ्यांना हात जोडून विनंती, न फुटलेला गोळा दिसला तर भंगार म्हणून उचलू नका, लांबूनच पोलिसांना कळवा.