गेस्टच्या हाती ग्राफिक्स कार्डाचे पान

व्हर्च्युअल मशीनमध्ये थ्रीडी अडखळले की बोल बहुधा जीपीयूला लावला जातो. माझ्या मते खरे दुखणे बऱ्याचदा मेमरीत असते. ३८४० × २१६० ची एक फ्रेम, दर पिक्सेलला चार बाइट धरल्यास, सुमारे ३.३ कोटी बाइटची भरते, आणि ती सेकंदाला ६० वेळा गेस्टकडून (व्हर्च्युअल मशीनमधल्या प्रणालीकडून) होस्टकडे (ती चालवणाऱ्या खऱ्या यंत्राकडे) नकलून घ्यायची म्हटले तर सेकंदामागे जवळपास दोन जीबी नुसत्या नकलेत जातात.

तरीही वेग हा दुय्यम मुद्दा आहे. व्हल्कन या ग्राफिक्स इंटरफेसमध्ये प्रोग्रॅम बफर, म्हणजे मेमरीचा एक तुकडा, एकदा मॅप करून (आपल्या पत्त्यांत बसवून) घेतो आणि पुढे त्या पॉइंटरवर थेट लिहीत राहतो. प्रत्येक लिखाणाची वर्दी तो ड्रायव्हरला देत नाही. मग नक्कल करायची तरी कोणत्या क्षणी? मेमरी कोहेरंट, म्हणजे एकाने लिहिलेले दुसऱ्याला आपोआप दिसणारी, असल्याचे एकदा सांगितले, की गेस्टने लिहायचे आणि जीपीयूने वाचायचे ते भौतिक पान (पेज, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) एकच असावे लागते.

व्हर्टआयओ-जीपीयू या गेस्टला दिसणाऱ्या आभासी ग्राफिक्स कार्डातील ब्लॉब रिसोर्स, म्हणजे गेस्ट आणि होस्ट यांना वाटून वापरता येणारे बफर, याचसाठी आहेत. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूएमू या प्रोग्रॅमला होस्टमेम=४जी असे सांगितले की गेस्टला त्या आकाराचा एक पीसीआय बार (उपकरणाच्या मेमरीकडे उघडणारी खिडकी) दिसतो; सुरुवातीला त्यामागे काहीच नसते, ती केवळ राखून ठेवलेली पत्त्यांची जागा असते. गेस्टने ब्लॉब मॅप करण्याची आज्ञा दिली की होस्टवरील बफर त्या जागेत ठरल्या ऑफसेटवर बसवला जातो. गेस्टने तेथे पहिल्यांदा हात लावताच फॉल्ट होतो (पान जागेवर नसल्याचे कळते), केव्हीएम, म्हणजे लिनक्स कर्नलमधला व्हर्च्युअल मशीनचा भाग, होस्टच्या पेज टेबलात खरे पान शोधते आणि गेस्टचे पत्ते खऱ्या पत्त्यांशी जोडणाऱ्या दुसऱ्या पातळीच्या टेबलात त्याची नोंद करते. त्यानंतर त्या पानावरच्या लिखाणात मध्यस्थ कोणी नसतो.

माझ्या यंत्रावर मात्र नेमक्या या पहिल्या स्पर्शालाच गेस्ट थांबत असे, आणि टर्मिनलवर एकच ओळ उमटे: ‘केव्हीएम रन फेल्ड बॅड ॲड्रेस’. बारचा आकार बदलून पाहण्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या. कारण वेगळेच होते. वापरात असलेले पान मध्येच मोकळे होऊ नये म्हणून केव्हीएम त्याचा रेफरन्स घेत असे, म्हणजे त्याच्या वापराच्या मोजणीत एकाची भर घालत असे, आणि २०२१ मधील एका सुरक्षाविषयक दुरुस्तीनंतर, ज्या पानाची मोजणी शून्य आहे ते पान ते नाकारू लागले. ग्राफिक्स ड्रायव्हर मात्र अनेक पानांचा सलग गठ्ठा एकदम घेतात, आणि त्यात मोजणी पहिल्या पानापुरतीच असू शकते. मागची पाने शून्यावरच राहतात.

कर्नल विकसक डेव्हिड स्टीव्हन्स यांनी आरंभलेले आणि शॉन क्रिस्टोफरसन यांनी तडीस नेलेले यावरील दुरुस्तीचे काम लिनक्स ६.१३ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, आले. त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो: अशी पाने धरून ठेवायचीच नाहीत. ड्रायव्हर पान हलवणार असेल, तर एमएमयू नोटिफायर या कर्नलमधील निरोप्यामार्फत केव्हीएमला आधी सूचना मिळते. ते आपली नोंद पुसते, आणि गेस्टने पुन्हा हात लावला की नव्याने शोध घेते. मालकी ड्रायव्हरचीच राहते.

होस्टवर ६.१३ कर्नल चढवला, क्यूएमू ९.२ मध्ये व्हीनस (गेस्टच्या व्हल्कन आज्ञा होस्टकडे पोचवणारी सोय) सुरू केले आणि बाकी सारे पर्याय पूर्वीचेच ठेवले. व्हीकेक्यूब या व्हल्कनच्या चाचणी-प्रोग्रॅमचा घन गेस्टच्या खिडकीत फिरू लागला.