तुम्ही विचारलंत म्हणून : सामना खेळाडू हरतात, मग राग प्रशिक्षकांवर का?

मेलबर्नमध्ये राहून मी ऑस्ट्रेलियन फूटी (इथला हाताने आणि पायाने खेळायचा फुटबॉल) खेळणाऱ्या कार्लटन फुटबॉल क्लबचा पाठीराखा आहे हे कळले, की इथले मराठी स्नेही आणि पुण्याकडचे नातेवाईक हमखास विचारतात, की मैदानावर चुका खेळाडू करतात, मग तुमचा सगळा राग प्रशिक्षकांवरच का? आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे असल्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये कर्णधार क्षेत्ररक्षण बदलू शकतो, गोलंदाजाशी बोलू शकतो, डाव सावरू शकतो. ऑस्ट्रेलियन फूटीत दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू दीडशे मीटरहून लांब मैदानावर सतत धावत असतात, आणि सगळे मैदान एका नजरेत दिसते ते फक्त वर, प्रेक्षागृहातल्या काचेच्या खोलीत बसलेल्या प्रशिक्षकांना. तिथून फोनवर बाकाकडे निरोप जातो, कोणाला बाहेर घ्यायचे आणि कोणाला आत पाठवायचे हे तिथेच ठरते, आणि क्वार्टर (सामन्याच्या चार भागांपैकी एक) संपला की प्रशिक्षक स्वतः खाली उतरून खेळाडूंच्या घोळक्यात उभे राहतात. प्रशिक्षकांचा निरोप खेळाडूंपर्यंत नेणाऱ्या निरोप्याने मैदानात केव्हा जावे, यावरही २०१९ पासून बंधन आहे. गोल झाल्यानंतरच त्याला आत जाता येते. त्यामुळे संकटात काय करायचे हे आधी घोटून घेतलेले नसेल, तर ऐन वेळी ते सांगायला फारसा अवसर मिळत नाही.

माझे दुखणे नेमके इथेच आहे. आमचा संघ हरतो याचे मला तितके वाईट वाटत नाही, पण मोठी आघाडी घेऊन तो हरतो आणि दर वेळी त्याच वाटेने हरतो, हे मला सहन होत नाही. २०२२ च्या साखळीतला शेवटचा सामना कॉलिंगवूडशी होता. जिंकलो असतो तर बाद फेरी निश्चित होती. शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीला जवळपास चार गोलांची (एका गोलाचे सहा गुण) आघाडी होती. त्या क्वार्टरमध्ये कार्लटनला एकही गोल करता आला नाही आणि सामना ७५-७४ असा एका गुणाने गेला. आठव्या क्रमांकाच्या संघाइतकेच विजय असूनही केवळ टक्केवारीत (केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या प्रमाणात) मागे पडल्याने आम्ही नववे राहिलो आणि बाद फेरी हुकली. त्याच्या आधीच्याच आठवड्यात मेलबर्नविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत सामना निसटला होता. पुढे २०२५ च्या पहिल्या फेरीत, आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या रिचमंडविरुद्ध ४१ गुणांची आघाडी घेतली आणि १३ गुणांनी हरलो. तीन वर्षांनंतरही ये रे माझ्या मागल्या!

अशा वेळी मैदानावर जे दिसते ते सांगतो. प्रतिस्पर्ध्याने गोल केला की चेंडू पुन्हा मध्यभागी येतो, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक संघाचे सहा खेळाडू पुढे, सहा मध्ये आणि सहा मागे असावे लागतात, म्हणजे त्या क्षणी बचावात जादा माणूस उभा करता येत नाही. तेव्हा मधल्या फळीतली माणसे बदलणे आणि चेंडू हाती आल्यावर छोट्या, सुरक्षित किकने तो आपल्याकडेच ठेवून खेळ थंड करणे, हेच उपाय उरतात. आमचे बचावपटू मात्र दबाव वाढताच सीमारेषेलगत लांब किक मारतात, तिथे जमलेल्या गर्दीत चेंडू खाली पडतो, प्रतिस्पर्धी तो उचलतो आणि पुन्हा आमच्याच गोलवर चाल करून येतो. एकदा झाले तर मी खेळाडूला दोष देईन, पण अनेक सामन्यांत, वेगवेगळ्या खेळाडूंकडून तेच होत असेल, तर ते शिकवण्यातले न्यून आहे असेच मला म्हणावे लागते.

या काळातले आमचे प्रशिक्षक मायकल व्हॉस यांना श्रेय द्यायलाच हवे. २०२३ मध्ये हंगामाच्या मध्याला संघ पंधराव्या स्थानावर घसरला होता. त्यांनी त्याला सलग नऊ विजय मिळवून देत प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्याच्या आधीच्या फेरीपर्यंत नेले. ते वर्ष मी कधीच विसरणार नाही. पण त्या प्रिलिमिनरी फायनलमध्येही सुरुवातीची पाच गोलांची आघाडी ब्रिस्बेनने पुसून टाकली, आणि पुढच्या वर्षी त्याच ब्रिस्बेनने एलिमिनेशन फायनलमध्ये (हरला तो बाद अशा सामन्यात) ६० गुण केले तेव्हा आमच्या नावावर शून्य होते.

मग प्रशिक्षक बदला, असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण क्लबने हेच वर्षानुवर्षे केले आहे. शेवटचे विजेतेपद १९९५ चे, डेव्हिड पार्किन यांच्या काळातले. त्यानंतर नॉर्थ मेलबर्नला दोनदा विजेतेपद मिळवून दिलेले डेनिस पेगन आले, तीन विजेतेपदे नावावर असलेले मिक माल्टहाउस आले. सर्वाधिक सामन्यांत प्रशिक्षक राहण्याचा विक्रम माल्टहाउस यांनी २०१५ मध्ये आमच्याकडे असतानाच मोडला आणि त्याच महिन्यात त्यांना काढण्यात आले. मोठी नावे आणून प्रश्न सुटला नाही, आणि त्यांना काढूनही सुटला नाही.

म्हणून क्लबने पुढच्या वेळी कोणालाही नेमताना जुनी पदके पाहण्याआधी एवढेच विचारावे, असे माझे मागणे आहे : चोवीस गुणांची आघाडी आहे, एक क्वार्टर उरला आहे, समोरच्यांनी सलग दोन गोल केले आहेत, अशा वेळी मध्यभागी तुम्ही कोणाला उभे कराल, बचावपटूने पहिली किक कुठे मारायची, आणि हे सगळे सरावात किती वेळा करून घ्याल?