डबीतला गाळ

आमचं दुकान सौंदर्यप्रसाधनांच्या कच्च्या मालाचं, नाशिकला रविवार कारंजाजवळ. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: क्रीम फाटलं, नाहीतर बुरशी आली. निफाडकडच्या एक ताई मात्र डबी घेऊन आल्या. आत ओला, तपकिरी गाळ.

"भाऊ, ज्येष्ठमधाचं सीरम केलं. पावडर गुलाबपाण्यात टाकली, गरम केली, तरी तळाशी बसली. मग फिल्टर पेपरातून गाळून घेतली. सीरम बघा कसं नितळ झालंय! पण बायका म्हणतात, फरक पडत नाही. हा गाळ उटण्यात चालेल का?"

पावडर दुसरीकडून घेतलेली. पाकिटावर बारीक अक्षरात 'ग्लॅब्रिडिन ४० टक्के'. ग्लॅब्रिडिन हा ज्येष्ठमधातला, त्वचा उजळण्यासाठी वापरतात तो घटक. म्हणजे ज्याचे एवढे पैसे मोजले ते बहुतेक सगळं डबीत, आणि बाटलीत गुलाबपाणी!

ज्येष्ठमधापासूनच मिळणारं डायपोटॅशियम ग्लिसिरिझेट पाण्यात झटकन विरघळतं. ग्लॅब्रिडिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कितीही उकळा, कितीही घुसळा. विकताना मात्र दोन्हींना 'ज्येष्ठमध अर्क'च म्हणतात, आणि विकणारा हे सांगायच्या फंदात पडत नाही. मला याचा राग येतो.

पाकिटात थोडी पावडर उरली होती. ०.१ ग्रॅम घेऊन ५ ग्रॅम प्रोपिलीन ग्लायकोल या पातळ द्रावकात टाकली, बीकर कोमट पाण्यात धरून ढवळलं. विरघळली. ताई खूश. "थांबा," म्हटलं, आणि त्यात थेंबथेंब गुलाबपाणी सोडलं. आधी धूसर, मग पांढुरकं. ग्लायकोल पातळ झालं की त्याची धरून ठेवायची ताकद जाते आणि ग्लॅब्रिडिन परत बाहेर पडतं. घरी करणारे नेमके इथेच फसतात. ग्लायकोलमध्ये विरघळलं की काम झालं असं वाटतं, पण बघायचं असतं ते शेवटच्या मिश्रणात.

पुन्हा केलं. या वेळी ग्लायकोलमधल्या अर्कात पाणी घालण्याआधीच पॉलिसॉर्बेट २० (पाण्यात न विरघळणारं पाण्यात धरून ठेवणारं द्रव्य) मिसळलं, प्रमाण वाढवत गेलो. शेवटी नितळ राहिलं, पण ताईंनी बोटावर घेऊन तोंड वाकडं केलं. "चिकट लागतंय हो." लागणारच. शिवाय निफाडची थंडी! दुकानात नितळ दिसणारं सीरम तिथे डिसेंबरच्या रात्री गढूळ व्हायचं. म्हणून नमुना आधी काही दिवस फ्रिजमध्ये ठेवून बघायचा.

"मग क्रीमच का नाही करत?" मी विचारलं. क्रीम नितळ दिसायची गरज नसते. अर्क ग्लायकोलमध्ये विरघळवायचा, क्रीम ४० अंशांच्या खाली आलं की मिसळायचा. प्रिझर्व्हेटिव्ह हवंच. काचपट्टीवर थेंब दाबून भिंगाखाली खडे दिसतात का, तेही पाहायचं.

ताईंना पटलं. विकायचं असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो, हेही सांगितलं. ते त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि ५० ग्रॅमच्या बरण्यांचा भाव विचारला.