१९४२-४३ चा हिवाळा, चार आघाड्या, एक फलक: काम कुठवर आलं

दुसऱ्या महायुद्धावरच्या या पटावरच्या खेळाच्या चारही नकाशांचे पायाथर तयार झालेत, सोंगट्या कापून झाल्यात आणि वाहतुकीचा नियम आता चाचणीत टिकतोय. फलकावरचा काळ २२ ऑक्टोबर १९४२ ते ३ फेब्रुवारी १९४३, म्हणजे एल अलामेनच्या हल्ल्याच्या आदल्या दिवसापासून स्टालिनग्राडमधली शेवटची जर्मन फौज शरण आली त्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. आघाड्या चार: इजिप्त-लिबिया, ट्युनिशिया, रशियातली डॉन-व्होल्गा आणि प्रशांत महासागरातलं ग्वाडलकनाल बेट.

या लढायांवर सुटे खेळ पुष्कळ आहेत. पण त्या महिन्यांत या आघाड्या एकमेकींना बांधलेल्या होत्या त्या वाहतुकीची विमानं आणि मालवाहू जहाजं यांनी. तो ताण पटावर दिसला नाही तर चार नकाशे शेजारी मांडून काही साधत नाही, म्हणून सगळे नियम त्याभोवती बांधलेत.

फेऱ्या

एक फेरी म्हणजे सात दिवस, एकूण पंधरा फेऱ्या. सुरुवात कोणत्या वारी करायची याला फार महत्त्व आहे. अलामेनचा हल्ला २३ ऑक्टोबरच्या रात्री सुरू झाला, तो शुक्रवार. फेरी शुक्रवारी सुरू केली तर ‘युरेनस’, म्हणजे स्टालिनग्राडच्या जर्मनांना वेढण्याची सोव्हिएत मोहीम, दुभंगते: १९ नोव्हेंबरचा उत्तरेकडचा हल्ला चौथ्या फेरीच्या शेवटच्या दिवशी आणि २० तारखेचा दक्षिणेकडचा पाचव्या फेरीच्या पहिल्या दिवशी. मधल्या वेळात जर्मन खेळाडू राखीव तुकड्या आरामात हलवतो आणि वेढा पडतच नाही. सोमवारी सुरू केली तर २३ तारखेला कालाचजवळ सोव्हिएत फौजेची दोन्ही टोकं मिळाली ती गाठ पुढच्या फेरीत जाते.

गुरुवार, २२ ऑक्टोबरला सुरुवात केली की सगळं जागेवर येतं. अलामेनहून जर्मन सेनापती रोमेलची ४ नोव्हेंबरची माघार दुसऱ्या फेरीच्या शेवटी येते. उत्तर आफ्रिकेत मित्रराष्ट्रांची फौज उतरली ते ८ नोव्हेंबरचं ‘टॉर्च’ आणि ११ तारखेला जर्मनांनी व्यापलेला दक्षिण फ्रान्स तिसऱ्या फेरीत बसतात, ग्वाडलकनालची १२ ते १५ नोव्हेंबरची आरमारी लढाई चौथीत, आणि ‘युरेनस’ अख्खं पाचवीत. अडचण उरते ती १६ डिसेंबरच्या ‘छोट्या सॅटर्न’ या डॉनवरच्या सोव्हिएत हल्ल्याची, कारण ते आठव्या फेरीच्या शेवटच्या दिवशी येतं. त्याची खूण आठवीत ठेवा, चाल नववीत करा.

घड्याळाचंही बघा. सोव्हिएत नोंदी मॉस्कोच्या वेळेत असतात, जर्मन नोंदी बर्लिनच्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये फरक दोन तासांचा. १९ तारखेचा तोफांचा भडिमार एका बाजूला साडेसातला आणि दुसऱ्या बाजूला साडेपाचला दिसला तर ते दोन वेगळे भडिमार समजू नका. ग्वाडलकनालला जपानी नोंदी टोकियोच्या वेळेत, म्हणजे स्थानिक घड्याळाच्या दोन तास मागे. रात्रीच्या लढाईत त्यामुळे तारीखही बदलते.

नकाशे

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उंचीची मोफत माहिती घेऊन हिलशेड, म्हणजे चढउतार दाखवणारी छाया, काढली. शून्य मीटरखालचं सगळं निळं रंगवायचा सोपा मार्ग इथे दोनदा फसतो. अलामेनच्या दक्षिणेची कत्तारा खोलगट जमीन समुद्रसपाटीच्या १३३ मीटर खाली जाते, त्यामुळे वाळवंटात मोठा तलाव उमटतो. ती जमीन रणगाड्यांना अडवते म्हणून तर रोमेलला दक्षिणेकडून वळसा घालता येत नव्हता आणि आघाडी साधारण ६० किलोमीटरवर आवळलेली होती. ती पाणी म्हणून नको, दुर्गम जमीन म्हणूनच दिसायला हवी. व्होल्गाकाठीही तेच: कॅस्पियन समुद्राची पातळीच शून्याच्या खाली आहे, त्यामुळे स्टालिनग्राडच्या दक्षिणेचा सखल पट्टा निळा होतो, आणि ‘युरेनस’चा दक्षिणेकडचा हल्ला तिथल्याच सरोवरांमधून निघाला होता. समुद्र कापायला उंचीऐवजी किनारपट्टीचा वेगळा थर वापरा.

दुसरा सापळा आजच्या पाण्याचा. त्सिम्ल्यान्स्क जलाशय आणि व्होल्गा-डॉन कालवा दोन्ही १९५२ चे आहेत. आजचा थर तसाच घेतला तर कालाचपासून खाली डॉनच्या जागी भलंमोठं सरोवर येतं आणि चिर नदीचं मुख पाण्याखाली जातं. डिसेंबरमधली निम्मी लढाई त्या चिरवरच झाली. सरोवरांच्या थरात जलाशयांची नोंद वेगळी असते. गाळणी लावून ते काढा, आणि डॉनचं जुनं पात्र त्या काळातल्या लष्करी नकाशांवरून हाताने गिरवा. डॉनचा उजवा, पश्चिमेचा काठ उंच आहे आणि डावा सखल, तो फरक हिलशेडमध्ये टिकवा.

प्रमाण एकच ठेवता येत नाही. नकाशावरचं एक घर म्हणजे १८ मिलिमीटरचा षटकोन. डॉन-व्होल्गा आणि ट्युनिशिया १:१०,००,००० ने छान बसतात. अल्जिअर्स ते ट्युनिस सरळ रेषेत सुमारे ६३० किलोमीटर, म्हणजे ६३ सेंटिमीटर. पण त्या प्रमाणात अलामेनची आघाडी जेमतेम तीन षटकोनांची होते, म्हणून तिची चौकट १:२,५०,००० ने वेगळी काढली, तेव्हा तेरा षटकोन मिळाले. ग्वाडलकनालही त्याच प्रमाणात. अलामेन ते ट्रिपोली हा लांब पट्टा १:२५,००,००० ने, फक्त रसदीचा मार्ग दाखवायला.

छपाई मॅट व्हायनिलवर, खाली ५ मिलिमीटरचा सनबोर्ड. व्हायनिल एकाच बाजूला चिकटवलं तर बोर्ड धनुष्यासारखा वाकतो, त्यामुळे मागेही कोरं व्हायनिल लावा. कागदी फोमबोर्ड पावसाळ्यात फुगतो, तो टाळलेला बरा. सोंगट्या २ मिलिमीटर एमडीएफच्या, १५ बाय १५. लेझरने कापण्याआधी वर मास्किंग टेप लावली की कडांना धुराचा डाग पडत नाही.

विमानांचे ठोकळे

या कामातला सगळ्यात जीवाचा भाग हाच. एक ठोकळा म्हणजे २५ जंकर्स-५२, जर्मनांची वाहतुकीची विमानं. विमानामागे दोन टन. चांगल्या हवेत निम्मी विमानं उडतात, म्हणजे ठोकळ्यामागे दिवसाला २५ टन. धुक्याबर्फात पाव, म्हणजे साडेबारा. स्टालिनग्राडच्या वेढ्यात रोज ३०० टन पोचवायचे तर चांगल्या हवेतही बारा ठोकळे लागतात. खराब हवेत आठ ठोकळ्यांनी १०० टन जातात, आणि प्रत्यक्षातली सरासरीही शंभराच्या आसपासच होती. गणित इतकं साधं असूनही तो निर्णय घेतला गेला, हे पटावर हात घालून कळतं.

हेच ठोकळे ट्युनिसलाही हवे असतात. ९ नोव्हेंबरपासून जर्मन तिथे विमानाने उतरू लागले. तिसऱ्या फेरीत सिसिलीत ठोकळे नसतील तर मित्रराष्ट्रं डिसेंबरआधीच ट्युनिस घेतात. तिथे ठेवले तर पाचव्या फेरीत ते डॉनवर नसतात, कारण एका आघाडीवरून दुसरीकडे जायला पूर्ण फेरी लागते. हा विलंब काढला की खेळ सपाट होतो. चाचणीत तो सवलत म्हणूनसुद्धा देऊ नका.

दहाव्या फेरीत, २४ डिसेंबरला, जर्मन विमानं जिथून उडत त्या तात्सिन्स्काया धावपट्टीवर सोव्हिएत रणगाडे येतात. तेव्हा फासा टाकून ठोकळे गमवायचे, उरलेले सालस्कच्या विमानतळाला. अंतर वाढतं, म्हणून तिथून ठोकळ्यामागे चांगल्या हवेत १५ टन आणि खराब हवेत ८.

जहाजांच्या काड्या

चौथ्या फेरीत जपानकडे ११ काड्या, ११ वाहतूक जहाजांच्या. आधी ग्वाडलकनालवरच्या अमेरिकनांच्या हेंडरसन धावपट्टीवर युद्धनौकांचा मारा; तो फसला तर प्रत्येक काडीसाठी फासा, ४ किंवा कमी पडला की बुडाली. सरासरी सात जातात, खरोखर गेली तितकीच. उरलेली चार किनाऱ्यावर चढवली गेली. पुढे फक्त विनाशिकांनी रसद आणि तीही तुटपुंजी, त्यामुळे माघारीचा निर्णय अकराव्या फेरीच्या आत घ्यावाच लागतो.

मित्रराष्ट्रांसाठी आर्क्टिकची, म्हणजे रशियाला समुद्रमार्गे रसद पाठवण्याची, चौकट सातव्या फेरीपर्यंत बंद. ‘टॉर्च’ला जहाजं लागल्याने सप्टेंबरच्या पीक्यू-१८ या ताफ्यानंतरचा मोठा ताफा, जेडब्ल्यू-५१ए, १५ डिसेंबरलाच निघाला. नोव्हेंबरमध्ये पाणबुड्यांनी ७ लाख टनांहून जास्त जहाजं बुडवली, म्हणून तिसऱ्या ते सहाव्या फेरीत अटलांटिकची एक काडी सक्तीने काढायची.

आपल्याकडचे लोक मराठा पलटणी कुठे आहेत ते शोधणारच. दुसरी मराठा, म्हणजे २/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, ११व्या भारतीय ब्रिगेडमध्ये होती आणि जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा युद्धबंदी झाली. त्यामुळे तिची सोंगटी मांडणीत नाही. युद्धबंद्यांच्या चौकटीत नावासकट ठेवली आहे. चौथा भारतीय डिव्हिजन रुवैसात टेकाडावर मांडा.

पुढचं काम ट्युनिशियाच्या रस्त्यांचं. डोंगराळ षटकोनांत पावसाळी चिखलाने डिसेंबरात दोस्तांची चाल अर्धी करायची आहे. सध्या हा नियम फक्त रस्त्याबाहेर लागतो आणि त्यामुळे दोस्त फारच लवकर पुढे सरकतात. चिखलाचा तक्ता नवव्या फेरीपासून लावून पुढची चाचणी होईल.