जी-पट्टीतलं प्यादं

बुद्धिबळात नवशिक्याला पहिल्या आठवड्यातच बजावलं जातं : राजासमोरची प्यादी हलवू नकोस, गेलेलं प्यादं मागे येत नाही. सल्ला खराच आहे, फक्त राजा तिथे मुक्कामाला असेल तर. ही अट कळायला बुडापेस्टच्या ज्युडिट पोल्गारचे डाव मांडून बघावेत.

१९९९, स्पेनमधलं दोस एर्मानास, समोर विश्वनाथन आनंद, काळ्याकडून सिसिलियन नायडॉर्फ ही सुरुवात. सातव्या चालीला तिनं जी४ केलं, म्हणजे जी या उभ्या पट्टीतलं प्यादं चौथ्या घरात. रोख एफ६ वरच्या घोड्यावर. आनंदनं ई५ करून तिचा घोडा हुसकावला, तर तो माघारी जायचा सोडून एफ५ वर जाऊन बसला. मग त्याचं जी६, तिचं जी५. दोन्ही घोडे प्याद्यांच्या तोंडी! आनंदनं घोडा मारला. ज्युडिटनं मात्र समोरचा घोडा तसाच ठेवला आणि ई-प्याद्यानं एफ५ वरचं प्यादं घेतलं. पुढे त्याचं डी५, तिचा वजीर एफ३, त्याचं डी४. आता काळ्याचं एकच प्यादं तिच्या उंटावर आणि उरलेल्या घोड्यावर. अशा वेळी तिनं वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला, म्हणजे एकाच चालीत राजा तिकडे आणि हत्ती त्याच्या पलीकडे. हत्ती डी१ वर आला, समोर डी८ वर काळा वजीर, मध्ये तेवढं प्यादं. त्यानं काहीही मारलं की पट्टी उघडणार आणि वजीर जाणार. आनंदला आधी घोडा डी७ वर आणून वाट अडवावी लागली. तेवढ्यात तिचा उंट निसटला. डाव तिनंच जिंकला. याला पेरेन्यी हल्ला म्हणतात. बेला पेरेन्यीही हंगेरीचाच.

हौशी खेळाडू हे जी४ उचलतात आणि पुढे राजा त्याच बाजूला नेतात. एफ३, एच३ वरचा पहारा आपणच उठवलेला असतो, मग बोंब मारून उपयोग नाही.

ज्युडिट १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, सगळ्यात लहान वयाचा बॉबी फिशरचा विक्रम मोडून. २००५ मध्ये २७३५ मानांकन आणि जगात आठवा क्रमांक. महिलांच्या जगज्जेतेपदासाठी ती कधी खेळलीच नाही. (पोल्गारही तिघी बहिणी, आपल्या खाडिलकर भगिनींसारख्या.)

तिला नुसती हल्लेखोर म्हणणं मात्र अर्धवट आहे. २००२ मध्ये मॉस्कोत माजी जगज्जेत्या कास्पारोवनं तिच्याविरुद्ध बर्लिन बचाव ही काळ्याची सुरुवात निवडली, आठव्या चालीलाच वजिरावजिरी झाली. हल्ल्याला वावच नाही. तिथेही सोळावी चाल जी४, आणि वजीर नसल्यामुळे मागोमाग राजाच जी२, एफ३ करत पुढे. बेचाळिसाव्या चालीनंतर कास्पारोवनं डाव सोडला.