बिनपाण्याचं इंजिन

बेळगावात इंजिन म्हटलं की डोळ्यांपुढं ओतीव काम येतं. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला पत्रा किरकोळच वाटायचा. दादाच्या 1967 च्या फोक्सवॅगन बीटल गाडीचं इंजिन नव्यानं बांधायला घेतलं तेव्हाही तेच झालं. बघायला आलेला प्रत्येक जण पिस्टन हातात घेऊन तोलून बघे. कोपऱ्यातल्या काळ्या, वाकड्यातिकड्या पत्र्यांच्या पोत्याला पाय लागला तर बाजूला सारी. मला विचाराल तर निम्मं इंजिन त्या पोत्यात होतं.

या गाडीला रेडिएटर नाही. वीज तयार करणाऱ्या डायनामोच्या दांड्यावर पंखा, त्याभोवती पत्र्याचं मोठं घर, आणि त्यातून वारा खाली चार सिलिंडरांभोवतीच्या पातळ पात्यांवर, म्हणजे फिन्सवर, ढकलायचा. एवढंच. खरं वारा महाआळशी. सोपी फट दिसली की तिथूनच निसटणार आणि सिलिंडरची खालची बाजू कोरडी तापत राहणार. म्हणून सिलिंडरांच्या खाली, दोघांच्या मधे, एक वळवलेला पत्रा अडकवतात. वारा त्याला आपटून सिलिंडरला वेढा घालूनच बाहेर पडतो. हा पत्रा हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, बसवण्याआधी लावावा लागतो. पुढं पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, नळ्या आल्या की तिथं हात जात नाही.

"आधी ते पत्रं अडकव बे, मग हेड," मिस्त्री पोऱ्याला म्हणाले. "न्हाईतर परत सगळं खोलायला तूच बसणार हाईस."

चहाला आलेल्या एका फाउंड्रीवाल्या शेजाऱ्यानं मात्र हेड उचलून उजेडात धरलं. फिन्सच्या मधे ओतकामाचा पातळ पापुद्रा तसाच राहिलेला. "हितनं वारा जाणार कसा?" म्हणत कानस मागून घेतली आणि चहा गार होईपर्यंत घासत बसले.

तीन नंबरच्या सिलिंडरची मला दया येते. या जुन्या रचनेत तेल गार करणारा ऑइल कूलर पंख्याच्या घरातच, नेमका त्याच्या वाटेत उभा. त्यामुळे त्याला शिळा, तापलेला वारा. 1971 च्या सुमारास कंपनीनं कूलर बाजूला सरकवून त्याला वेगळी वाट दिली. तोवर तीन नंबरनं सोसलं.

थर्मोस्टॅटवरून वाद झाला. "आपल्याकडं कशाला? फेकून द्या," असं सांगणारे पुष्कळ. डिसेंबरातली बेळगावची सकाळ त्यांनी अंथरुणातूनच बघितली असणार. 65–70 अंशांपर्यंत तापेतो तो वाऱ्याच्या वाटेतल्या झडपा मिटून ठेवतो, इंजिन लवकर ऊब धरतं. शिवाय त्या झडपा वारा नीट वाटूनही देतात. आम्ही ठेवला.

मग दादानं चकचकीत क्रोमचे पत्रे आणले. मिस्त्रींनी एक लावून बघितला, कडेला बोटभर फट. "चमकतंय की सावकार, खरं बसत न्हाई." जुनेच ठोकून सरळ केले, काळा रंग पातळ मारला. प्लगच्या वायरींवरची रबरी बुचंसुद्धा नवी घातली. ती नसली की तेवढ्या भोकातून वारा पळतो, आणि इंजिनाभोवतीचं रबर फाटकं असलं की खालची सायलेन्सरची धग पंखा पुन्हा आत ओढतो.

पंखा पाठीमागच्या पत्र्यापासून दोन मिलिमीटरवर. पंखा फिरवणारा पट्टा अंगठ्यानं दाबला तर दीड सेंटिमीटर खचावा. ताण कमी-जास्त करायचा तो पुलीच्या दोन तबकड्यांमधल्या चकत्या काढून-घालून. काढलेल्या चकत्या पुलीच्याच बाहेरच्या बाजूला, नटाखाली ठेवायच्या, म्हणजे हरवत नाहीत. ज्यानं कुणी हे योजलं त्याला गॅरेजात चकत्या कशा गायब होतात ते ठाऊक होतं.

डायनामो आणि पंखा एकाच पट्ट्यावर. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला की बॅटरीची काळजी करायची नाही, गाडी थांबवायची. गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाटाच्या चढावर असाल तरी. दादाच्या डिकीत हल्ली जादा पट्टा, पाना आणि गोव्याच्या पाहुण्यांसाठी कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या मिठाईचा, डबा असतो. इंजिन मागं आणि डिकी पुढं असल्यानं कुंदा इंजिनाच्या धगीपासून वाचतो. दादाच्या हातून मात्र तो पणजीपर्यंत पोचेलच असं नाही.